खिडकी लावा, डास येत्यात!

सांगलीच्या विश्रामबागेत नवा फ्लॅट घेतलात, अभिनंदन! दोन्ही बाजूंनी खिडक्या, भरपूर वारा, म्हणून बिल्डरला चार पैसे जास्तही मोजलेत. आता त्या खिडक्या लावून घ्या. वारा ही विकत घ्यायची वस्तू आहे, वापरायची नव्हे. बाल्कनीला स्लायडिंग बसवून तिची खोली करून टाका. कबुतरांसाठी जाळी मारा, जाळीवर पडदा, त्यावर आणखी एक जाड पडदा. एवढं करूनही घरातल्या कुणी खिडकी उघडलीच, तर शेजारच्या काकू आहेतच. "अवो, खिडकी लावा की! डास येत्यात."

घर असं नीट कोंडून झालं, की आत काय काय जाळता येईल ते बघू.

डास आधीच आत असतात, त्यामुळे पहिला मान कॉइलचा. एक कॉइल जळून संपेपर्यंत तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही कॉइल जाळून, मोजून दाखवलं होतं. फॉर्मल्डिहाइड नावाचा विषारी वायू वेगळाच. पण तुम्ही कशाला मनावर घेता? तुमच्या घराण्यात विडीला कुणी शिवलेलं नाही. आजोबांनी तंबाखूसुद्धा बाहेर कट्ट्यावर बसून मळली. तेव्हा निर्धास्तपणे कॉइल पाळण्याखाली सरकवा, बाळाला वारं लागू नये म्हणून पंखा बंद करा आणि दार ओढून घ्या.

मग देवघर. सकाळी उदबत्ती, तिन्हीसांजेला धूप, आरतीला कापूर. हा धूर पवित्र असल्यामुळे फुफ्फुसात जात नाही, आणि गेलाच तर तिथंही पुण्यच करतो. या धुरातले, पीएम २.५ म्हणतात ते कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून बारीक असतात. नाक-घसा ओलांडून ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी उतरतात, त्यातले काही रक्तातही मिसळतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, या कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर नको. आपल्या देशाचं मानक मोठ्या मनाचं, ते ६० पर्यंत चालवून घेतं. देवघर बेडरूमच्या कोनाड्यात बसवलं असेल, तर संध्याकाळपुरते हे दोन्ही आकडे विसरलेलेच बरे.

खरी कला स्वयंपाकघरात. सांगलीकराच्या घरी पाहुण्यांसाठी भडंग होणार, त्याला तेलात लसूण तळला जाणार, मिरचीपूड पडणार, आणि हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्याला ठसका लागल्याशिवाय भडंग जमलं असं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून एक्झॉस्टच्या भोकाला पुठ्ठा लावून ठेवा. चिमणी मात्र घ्याच. शक्यतो पाइप नसलेली घ्या, म्हणजे भिंत फोडावी लागत नाही. ती तेलकटपणा थोडाफार गाळते आणि उरलेली हवा तुमच्याच तोंडावर परत सोडते. पाइपवाली असेल तर ती लावू नका, आवाजात मालिकेचे संवाद ऐकू येत नाहीत. गॅसला धूर नसतो, असंही कुणी तरी ठासून सांगेल. खरं आहे, दिसत नाही. गॅसच्या ज्वाळेतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, त्याने दमेकऱ्याची छाती आवळते, आणि तापलेल्या तेलाचे कण त्यात भर घालतात. या सगळ्यात दिवसाचे चार तास कोण उभं असतं, याचा विचार करत बसू नका. ती खोकायला लागली की "हिला थंड सोसत नाही" असं म्हणून दही बंद करा.

बेडरूममध्ये एसी बसवलात ते उत्तम. एसी बाहेरची ताजी हवा गार करून आत सोडतो, हा समज असेल तर तो जपा. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा रात्रभर फिरवत असतो, बाहेरचं यंत्र फक्त उष्णता बाहेर टाकतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. चौघं जण दार लावून झोपलात, तर पहाटेपर्यंत तो २००० च्या पुढं सहज जातो. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर १८५८ साली सांगून गेले, की राहत्या खोलीत १००० च्या वर जाऊ देऊ नये. त्यांना सांगायला काय जातंय? त्यांच्याकडे एसीचं बिल येत नव्हतं. सकाळी डोकं जड झालं की आपल्याकडे पित्त आहे, पित्तावर मोरावळा आहे.

घरात कुणाला क्षय निघाला तर त्याला सगळ्यात आतली खोली द्या, लोकांना कळायला नको. औषधं निघण्याआधी जगभरचे डॉक्टर अशा माणसाला मोकळ्या हवेत नेऊन ठेवत. आपल्या वानलेसवाडीला त्यासाठी सॅनेटोरियमच होतं. खोकल्यातून उडालेले जंतू कोंदट खोलीत तासन् तास तरंगतात आणि वारा खेळता असला की पांगतात. पण वारा खेळायचा तर खिडकी उघडावी लागते, आणि समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं.

हिवाळ्यात गॅस गीझर. तो बाथरूमच्या आतच बसवा आणि झरोक्याला थर्मोकोल लावा, गार वारा पाठीला लागत नाही. बाळंतिणीच्या खोलीतही तेच सूत्र. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा आणि वेखंडाची धुरी, फटींना चिंध्या. गीझर-शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. एरवी आपण शिंकेलाही अपशकुन मानतो. हा वायू मात्र शिंकसुद्धा येऊ देत नाही, माणसाला नुसती गुंगी येते. बाळ-बाळंतीण शांत झोपली आहेत, असं सासूबाई बाहेर कौतुकाने सांगतील.

नदीकाठच्या गावभागातल्या मंडळींसाठी खास सूचना. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ चं पाणी त्याच्या कितीतरी वर, त्यामुळे भिंती अजून ओल धरून असतील. त्या वाळायची वाट बघू नका. बुरशीवर रंग मारा, रंगाला फोड आले की त्यापुढं कपाट सरकवा, कपाटात डांबरगोळ्या टाका. मग खोलीला एक भारदस्त वास येतो.

खेड्याकडे गॅस पोचला नाही, असं आता म्हणता येत नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला बलियात सुरू झाली आणि सिलिंडर आटपाडी-जतपर्यंत आला. तो टिकवायचा कसा, हा प्रश्न. आलेल्या माणसाला चहा करण्यापुरता तो वापरा. भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी बंबात, खाली तुरकाट्या आणि शेणी. चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही, हे पुरुषमंडळींनी सोप्यात बसून जरूर सांगावं. तिथं धूर कमी येतो. उभ्या जन्मात विडी न ओढलेल्या बाईला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार, कसा झाला, याचं नवल डॉक्टरांना वाटत नाही, घरच्यांनाच वाटतं. घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजार मुलं. ताटात कडक भाकरी पडली की हे आकडे घास अडवत नाहीत.

एवढं पाळूनही कुणाची छाती वाजायला लागलीच, तर डॉक्टर श्वासातून औषध ओढायचा पंप लिहून देतील. तो घेऊ नका, पंपाची सवय लागते आणि मुलीचं लग्न ठरायचं असेल तर आणखीच पंचाईत. त्यापेक्षा हवा शुद्ध करायचं यंत्र आणा. ते धूळ-धूर गाळतं. कार्बन मोनॉक्साइड गाळत नाही, कार्बन डायऑक्साइडही नाही, पण शोकेसशेजारी शोभून दिसतं. त्यावर एक लहानसा दिवा असतो. धूप-आरतीच्या वेळी तो लाल होतो, भडंग करताना लाल होतो आणि कॉइल लावली की रात्रभर लालच राहतो. झोपमोड होत असेल तर त्यावर चिकटपट्टी लावा. फर्निचरच्या रंगाची मिळते.