खुलासा: पुण्याच्या अभ्यासाने ‘अपुऱ्या दिवसांची मुले मंदबुद्धीच राहतात’ असे म्हटलेले नाही

‘पुण्यातील डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची मुले आयुष्यभर मंदबुद्धीच राहतात हे सिद्ध केले’, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ज्या कामाचा हा हवाला आहे, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. 1987 ते 1989 या काळात जन्मलेल्या, 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा त्यांनी वयाच्या 18 व्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. पत्ते बदलणाऱ्या कुटुंबांच्या मागे इतकी वर्षे राहणे किती जिकिरीचे असते, हे या क्षेत्रातल्यांनाच ठाऊक.

बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक पूर्ण दिवसांच्या, योग्य वजनाच्या मुलांपेक्षा कमी आढळला हे खरे; परंतु तो सामान्य मर्यादेतच होता, आणि फिरत्या मजकुरातून नेमके हेच वाक्य गळले आहे. गणितासारख्या विषयांतील अडचणी नोंदवल्या गेल्या, त्या वेळीच ओळखून मदत मिळावी म्हणून.

शिवाय कमी वजनाचे प्रत्येक बाळ अपुऱ्या दिवसांचे नसते: 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मणे वेगळे आणि गर्भातच वाढ खुंटणे वेगळे. बुद्ध्यंक सर्वांत कमी आढळला तो या दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या मुलांचा. गटाच्या सरासरीवरून एखाद्या बाळाचे भविष्य सांगता येत नाही, आणि नवजात कक्षाबाहेर बसलेल्या आईला तसे सांगणे क्रूरपणाचे आहे.