रात्रशाळेतील मुलांचा दहावीचा निकाल

मुंबईतील रात्रशाळांच्या दहावीच्या निकालाविषयीचा लेख वाचला. दिवसभर पार्सले पोहोचवून किंवा उपाहारगृहात कपबश्या विसळून संध्याकाळी वर्गात येणाऱ्या मुलांच्या साठ-पासष्ट टक्क्यांचीही आपण दखल घेतलीत, याचे विशेष समाधान वाटले. मी काही वर्षे अशा शाळेत गणित शिकवले आहे. परीक्षेच्या दिवसांत या मुलांना अभ्यासापेक्षा रजेची धास्ती अधिक असते, कारण पेपर सकाळी ११ वाजता सुरू होतो आणि नेमकी तीच त्यांची कामाची वेळ असते. एका विद्यार्थ्याच्या बोटांना भूमितीच्या पेपरच्या आदल्याच दिवशी यंत्रावर जखम झाली. तरीही पट्टी बांधलेल्या हाताने कंपास धरून त्याने वर्तुळाच्या स्पर्शिकेची रचना पूर्ण केली, आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो गुणांचा नव्हे, तर रेघ जाड आल्यास गुण कापतात का, हा! (कापले नसावेत, तो उत्तीर्ण झाला.) मंडळाने २०२३ पासून पेपरच्या शेवटी दिलेली वाढीव दहा मिनिटे त्याच्या वेळी नव्हती. लेखात एक मुद्दा मात्र राहून गेला: जेमतेम तीन तासांच्या शाळेत प्रयोगशाळेसाठी वेळ उरतो तरी किती?