तू इथे कसा?

नोव्हेंबरातली संध्याकाळ, पाचच्या आत अंधार, आणि जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइहिंगन स्टेशनवर मी लोकलची वाट बघत उभा. शेजारच्या बाकावरच्या माणसाने लोकरी टोपी काढून डोकं खाजवलं आणि त्या खाजवण्यावरूनच मी त्याला ओळखलं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या सर्टिफिकेट कोर्सला हा माझ्या पुढे बसायचा. डेर-डी-दास या जर्मन लिंगांच्या घोळात अडकला की अस्संच डोकं खाजवायचा. अठरा वर्षांनी भेटत होतो. पहिलं वाक्य अर्थातच, "अरे, तू इथे कसा?" दुसरं, "जग किती लहान आहे ना!" तिसऱ्याच्या आधी त्याची गाडी आली.

इथे आल्यापासून असं बरेचदा झालंय. भारतीय दुकानात कोथिंबिरीच्या शेवटच्या जुडीवर ज्याचा हात माझ्याबरोबर पडला, तो कॉलेजच्या मेसमधला निघाला. फ्रँकफर्ट विमानतळावर पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवताना मागून माझं नाव आलं, बघतो तर चाकणच्या कंपनीतली जुनी सहकारी. मुलीच्या बालवाडीतली एक आई माझ्या मावसबहिणीची वर्गमैत्रीण. दरवेळी सेल्फी काढायचा आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. खाली "काय योगायोग!" आणि टाळ्या.

मग एकदा हे फोटो सलग बघितले आणि जरा ओशाळलो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख. एवढ्या माणसांतून खरोखर योगायोगाने कोणी समोर यायचं, तर कधीतरी अहेरीचा यावा, कधी परांड्याचा, कधी धडगावचा. मला भेटणारे सगळे पुण्याच्या चार-सहा कॉलेजांतले. आडनावंही फिरून फिरून तीच. जग लहान-बिहान काही नाही. चाळणी बारीक आहे, आणि आम्ही एकाच चाळणीतून पडलेले दाणे एकमेकांवर आपटतो तेव्हा त्याला योगायोग म्हणतो.

त्या चाळणीची भोकं मला पाठ आहेत. आठवीला जर्मन घ्यायचं, कारण त्यात मार्क पडतात. इंजिनिअरिंगला पुणं गाठायचं. संध्याकाळी रानडे, नाहीतर बोट क्लब रोडचं मॅक्समुल्लर भवन. मग पिंपरी, नाहीतर चाकण. तिथे जर्मन गाड्या आणि जर्मन सुटे भाग बनतात, त्यामुळे कंपनीचं मुख्यालय बहुधा इकडेच. मुंबई आणि श्टुटगार्ट ही तर १९६८ पासूनची जुळी शहरं. पुण्याच्या ठरावीक घरांतून निघालेला सरळ नळ या खोऱ्यात उघडतो. नळाच्या तोंडाशी उभं राहून "पाणी इथे कसं?" विचारण्यात अर्थ नाही.

कोकणातल्या माणसाला हे आपल्याआधी कळलंय. खेड, दापोली, चिपळूणकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आखातात जातात. दुबईत किंवा कुवेतमध्ये त्यांना गाववाला भेटला तर ते योगायोग म्हणत नाहीत. "मामाने व्हिसा काढला" म्हणतात, आणि विषय संपतो. इथल्या मल्याळी नर्सही तसंच सांगतात: १९६० च्या दशकात चर्चमार्फत पहिल्या मुली आल्या, मग बहिणी, मग भाच्या. मामाचं नाव घ्यायला लाज वाटते ती फक्त आम्हाला. मामा मान्य केला तर गुणवत्तेचं काय करायचं?

गुणवत्ता हा आमच्या ग्रुपचा आवडता विषय आहे. आरक्षण निघालं की कोणीतरी लिहितोच, "म्हणून तर हुशार पोरं देश सोडतात." आम्ही बाहेर गेलो ते ब्रेन ड्रेन, तेवढ्यापुरता देशाने आमच्यासाठी हळहळायचं. आणि याच ग्रुपवर २०२४ मध्ये बातमी आली की महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, म्हणजे मी राहतो त्याच राज्याशी, करार केलाय. १०,००० कुशल कामगार पाठवायचे: नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन वगैरे. त्यांना जर्मन शिकवायचं आणि मग धाडायचं. त्या दिवशी हळहळ कुठेच नव्हती. "आता गवंडी एक्स्पोर्ट करणार का?" "शिवरायांच्या महाराष्ट्राची पोरं तिकडे फरशा पुसणार?" हे लिहिणाऱ्यांपैकी दोघं इथे माझ्याच जिल्ह्यात राहतात आणि शनिवारी स्वतःची फरशी स्वतः पुसतात, पण ते असो.

कराराबद्दलच्या शंका खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. काम करता करता बी-वन, म्हणजे रोजचे व्यवहार निभतील इतपत मधल्या पातळीचं जर्मन पक्कं करणं सोपं नाही. एजंटांची भीती आहे. श्टुटगार्टमधली घरभाडी ऐकून तर पगारदार माणूसही खुर्ची शोधतो. इथे राहण्याचा परवाना नूतनीकरणाला टाकून महिनोन्‌महिने पत्राची वाट बघण्यातलं पोटात गोळा येणं मी स्वतः अनुभवलंय. आणि परक्या माणसांवरून इथेही निवडणुका लढवल्या जातात. पण माझ्या मित्रांचा राग यातल्या कशावरच नव्हता. आता चाळणीची भोकं मोठी होणार, आणि कोथिंबिरीच्या जुडीवर भलताच हात पडणार, हे त्यांना टोचलं असावं.

माझ्यापुरता तो हात गेल्या मार्चमध्ये पडला. स्वयंपाकघरातली वीज सारखी ट्रिप होत होती. इथे इलेक्ट्रिशियन मिळवणं म्हणजे लग्नाला हॉल मिळवण्यासारखं. पाच आठवड्यांनी तारीख मिळाली. ठरल्या मिनिटाला बेल वाजली. दारात मास्टर, म्हणजे मुख्य कारागीर, साठीकडे झुकलेला तुर्की गृहस्थ. जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला, त्यानंतरच्या लाटेत याचे वडील आले होते. मागे शिडी घेऊन एक पोरगा, आत्सुबी, म्हणजे काम शिकणारा शिकाऊ उमेदवार. इथे इलेक्ट्रिशियन व्हायला साडेतीन वर्षं लागतात; थोडे दिवस शाळा, बाकी दिवस मास्टरच्या हाताखाली, आणि पहिल्या महिन्यापासून पगार.

पोरगा शिडी लावेना. माझ्याकडेच बघत राहिला. मग हळूच मराठीत, "दादा, तुम्ही साताऱ्याचे ना? यादोगोपाळ पेठ?"

मी त्याला ओळखलं नाही. खूप आठवून पाहिलं, नाहीच.

"खाली बेलवर आडनाव वाचलं. तुमच्या घराचं वायरिंग माझ्या वडिलांनी केलंय. मी यायचो त्यांच्याबरोबर, टेस्टर धरायला."

वायरमनकाका! त्यांची सायकल आठवली, हँडलला अडकवलेलं वायरचं भेंडोळं आठवलं. नाव मात्र आठवेना. माझ्या लक्षात आलं की ते मला कधी माहीतच नव्हतं. घरात सगळे वायरमनकाकाच म्हणायचे. पोराने आयटीआय केलेलं, पुण्यात खासगी क्लास लावून दोन प्रयत्नांत बी-वन काढलेलं, कर्ज काढून आलेला. सरकारी करारातून नव्हे, स्वतःच इंटरनेटवर अर्ज टाकून टाकून. त्याचा इथे कोणी मामा नव्हता.

मास्टरने घड्याळाकडे पाहिलं. पोरगा शिडीवर चढला आणि चाळीस मिनिटांत दोष सापडला, डिशवॉशरमागची वायर कुरतडल्यासारखी झाली होती. जाताना बूट चढवत त्याने विचारलं, "आजींच्या खोलीतला पंखा अजून दोनवरच चालतो का? रेग्युलेटर बदलायचा राहिला होता."

मला माहीत नव्हतं. रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "दोनवरच. तुला काय आज पंखा आठवला?" मी सांगितलं. तिने त्याच्या वडिलांचं नाव आडनावासकट घेतलं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, बहिणीचं वाईला दिलेलं सासर, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "जेवायला थांबवलंस ना त्याला?"

मी म्हटलं, आई, मास्टर बरोबर होता, इथे पंधरा-पंधरा मिनिटांचं बिल लागतं.

"मग चहा तरी?"