कापूस विकून घेतलेला आवाज

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घरी २६ वर्षे एक टेपरेकॉर्डर सुखाने नांदला. त्याला स्पीकर एकच, तोही वीतभर, आणि कॅसेटचे झाकण रबराने बांधलेले. तरीही बाबांनी तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची कॅसेट लावली की ओसरीवरच भजन रंगल्यासारखे वाटे. मला मात्र दोन स्पीकर हवे होते, कारण अमरावतीला मेहुण्याच्या घरी मी एका कानाने तबला आणि दुसऱ्या कानाने पेटी ऐकून आलो होतो.

गेल्या हंगामात सीतादही (वेचणीआधी शेतात करायची पूजा) करून वेचा सुरू झाला आणि भाव वाढेल या आशेने आम्ही कापूस नेहमीप्रमाणे पुढच्या खोलीत छातीएवढा भरून ठेवला. रोज संध्याकाळी त्या ढिगाला टेकून, अंग खाजवत, आम्ही भजने ऐकत असू. भाव वाढला नाही. मार्चमध्ये कापूस विकला आणि सोसायटीचे कर्ज व खताच्या दुकानाची उधारी चुकती करून जे उरले त्यातून (पत्नीच्या मते जे उरलेच नव्हते त्यातून) मी ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर घरी आणले.

उद्घाटनाला शेजारपाजारची मंडळी जमली. बाबांची तीच भजने मी पेन ड्राइव्हवर भरून आणली होती. भजन सुरू झाले. पण खंजिरीचा घुमारा नाहीसा झालेला, आणि गाणारा नेमका कुठे उभा आहे याचा पत्ता लागेना. बाबांनी शांतपणे विचारले, "आवाज त मोठा झाला बापू, पण गायन कुठी गेलं?"

चार दिवसांनी उलगडा झाला. एका स्पीकरच्या लाल आणि काळ्या तारा मी उलट जोडल्या होत्या. त्यामुळे एका स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकली तेव्हा दुसऱ्याचा ती मागे ओढी, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकत. जुन्या टेपला एकच स्पीकर असल्याने त्याचे कोणाशी वाकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. तारा बदलताच खर्ज परतला, तो थेट छपरावरील टिनांत शिरला. खंजिरीच्या प्रत्येक थापेला टिना खडखडू लागल्या, आणि भिंतीवरचा आजोबांचा फोटो, आजोबांनी हयातीत कधी केले नाही ते करीत, तालावर डोलू लागला.

टिनांना मी खिळे ठोकले, तरीही प्रत्येक शब्दाला शेपूट राहिलेच. खोली बारा बाय बारा, भिंती सिमेंटच्या, खाली नवी फरशी. शब्द एका भिंतीवरून दुसरीवर टप्पे घेत फिरे आणि तो विझण्याआधीच पुढचा येऊन त्यावर आदळे. मग मला वॉलेस सॅबिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाची हकिकत वाचायला मिळाली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात आवाज असा घुमे की व्याख्यान कळत नसे. सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळाने मोजले आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवल्या. गाद्या वाढल्या की घुमणे कमी होई. हे वाचून मी रिकाम्या खोलीकडे पाहिले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आमच्या खोलीत कित्येक क्विंटल उघडी गादी पडलेली होती. ती विकून मी हे स्पीकर आणले होते!

उन्हाळ्यात जुना टेप आमच्यासोबत अंगणात बाजेखाली असे आणि पावसाळ्यात कामाच्या रगाड्यात तो लावतो कोण. त्यामुळे रिकाम्या खोलीत तो कसा वाजतो हे आम्ही कधी ऐकलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी घरातील सर्व गोधड्या भिंतींवर टांगल्या. आवाज सुधारला, रात्री पांघरायला काय घ्यायचे हा प्रश्न उरला, आणि तो पत्नीने एका रात्रीत निकालात काढला.

यंदाचा पहिला वेचा खोलीत आला तसे भजन आपोआप जागेवर बसले. बाबा ढिगाला टेकून म्हणाले, "आता बरं वाजून राह्यलं." गेल्या आठवड्यात व्यापारी दारी आला, भावही बरा देत होता. मी त्याला आणखी थोडे थांबू असे सांगितले. तो गेल्यावर पत्नीने आतून विचारले, "भावासाठी थांबता की भजनासाठी?"

मी पाठ खाजवत राहिलो.