हॅमस्टरची शेज कशी सजवावी

मुलीच्या हट्टापुढे मान तुकवून अखेर हॅमस्टर आणलात, फार छान केलंत. आता पिंजऱ्यात खाली काय पसरायचं ते ठरवू. हॅमस्टरला विचारायची गरज नाही. तो दिवसभर झोपणार आणि घरात निजानीज झाली की उठणार. पिंजरा बघणार ते पाहुणे, तेव्हा बिछाना सोफ्याच्या कव्हरला शोभेल असाच घ्या.

सर्वोत्तम म्हणजे गुलाबी कापूस. इवल्याशा जिवाला मऊ दुलई नको का? आता त्याचे तंतू लांब आणि चिवट असतात, पायात गुंतले तर सुटत नाहीत. तो जसजसा पाय ओढतो तसतसा फास आवळतो आणि पंजा सुजून काळानिळा पडतो. शिवाय बिछान्याचं सामान गालात कोंबून घरट्यात न्यायची त्याला खोड. गालाच्या पिशव्या पार खांद्यापर्यंत गेलेल्या, त्यात कापूस चिकटून बसतो. पोटात गेला तर आतड्यात बोळा. पण हे सगळं तो अंधारात, चूं न करता सोसतो. फोटोत काही दिसत नाही.

कापूस नको असेल तर देवदाराचा नाहीतर पाइनचा घमघमणारा भुसा घ्या. घमघमाट ज्या द्रव्यांचा, ती श्वासनलिकेला झोंबतात आणि यकृतालाही जड जातात. पण तुमचं नाक पिंजऱ्यापासून चार हात लांब असतं. त्याचं चोवीस तास भुशातच असतं, त्याला आपण काय करणार?

थर मात्र बोटभरच ठेवा, भुसा काय फुकट येतो? 1930 साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियात अलेप्पोजवळच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. आज घरोघरी दिसणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच घराण्यातले. खोल बिळाची ओढ रक्तातच असणार, पण म्हणून आपण दिवाणखान्यात अलेप्पो उभारायचं की काय? स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 2006 मध्ये हॅमस्टरना 10, 40 आणि 80 सेंटिमीटरचे थर देऊन पाहिले. 10 वाल्यांनी गज सगळ्यांत जास्त कुरतडले. तुमचाही रात्रभर गज कुरतडत असेल तर दात घासतोय म्हणायचं आणि कूस बदलायची.

स्वच्छतेत हयगय नको. दर रविवारी सगळा भुसा फेकायचा, पिंजरा फिनेलने धुवायचा. कोपऱ्यात जमवलेले दाणे आणि त्याने स्वतःच्या वासाने आखलेलं घर त्याबरोबर गटारात जातं, मग तो बावरून सैरावैरा पळतो. मुलांना ते फार आवडतं. पिल्लं झाली असतील तर सफाई अधिकच जोमाने करा. घाबरलेली मादी कधीकधी स्वतःचीच पिल्लं खाते. मोजत बसायला नको.

एकटा कंटाळेल म्हणून जोडीला आणखी एक सोनेरी आणा. सकाळी एकच उरेल.

काही चक्रम लोक बिनवासाचा साधा टिश्यू पेपर फाडून त्याच्या पट्ट्या देतात, कागदाच्या लगद्याचं बेडिंग वीतभर ओततात, फक्त ओला झालेला कोपरा तेवढा उपसतात आणि पावसाळ्यात दमट वास येतोय का ते रोज बघतात. अगदी कळकट दिसतं. त्यांचा हॅमस्टर पट्ट्या गालात ठासून, तोंड फुगवून बोगद्यात शिरतो आणि दोन मिनिटांनी रिकाम्या गालाने पुन्हा हजर होतो. ते बघत घरातली पोरं अकरा वाजले तरी झोपत नाहीत. शिस्त नावाची गोष्ट नाही.

एवढं करूनही एखाद्या सकाळी पंजा सुजलेला दिसलाच, तर डॉक्टर शोधायला बाहेर पडा. बऱ्याच दवाखान्यांत कुत्र्यामांजरांपलीकडे कोणी बघत नाही, आणि अडीचशे रुपयांच्या उंदरासाठी हजाराचं बिल ऐकून तुम्हीच परत फिराल. त्यापेक्षा दुकानदाराला फोन लावा. तो त्याच दिवशी दुसरा देईल, आणि ओळखीत असाल तर गुलाबी कापसाची पिशवी वर फुकट.