पिल्लांचा वास, पोतं आणि फिनेल

ताई, प्रतिक्रिया सडेतोड लिहिलीत, बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी सुचवल्याप्रमाणे कोंबडीची पिल्लं घरात खोक्यात ठेवली, तूस घातलं, चुना मारला, रोज फिनेलने पुसलं, खोक्यावर पोतं टाकलं, तरी आठवड्यात घरात नाक धरून फिरायची वेळ आली, म्हणजे 'वास येत नाही' ही माझी थाप.

'गादी कोरडी असेल तर त्रास होण्याइतका वास येत नाही,' असं माझं वाक्य होतं. (गादी म्हणजे खोक्यातला तुसाचा थर.) त्यातलं 'कोरडी' तुम्ही वगळलंत, आणि सगळी गोम तिथंच आहे.

ताज्या शिटेला फारसा वास नसतो. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू तिच्यातलं यूरिक अ‍ॅसिड फोडतात आणि अमोनिया सुटतो. ऊब बल्बची असतेच, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास. पाणी तुम्ही वाटीत ठेवताय. पिल्लं वाटीत पाय घालतात, तूस उकरून त्यात ढकलतात आणि तेच पाय घेऊन खोकाभर हिंडतात. वाटीभोवतीचं तूस जरा उचलून बघा: वरून पिवळं, खाली काळं आणि चिकट. उलट्या बाटलीचं भांडं आणा, विटेवर चढवा, कड पिल्लांच्या पाठीला येईल इतकी. भांड्याजवळचं ओलं तूस रोज सकाळी काढा. बाकीचं मुठीत दाबून बघायचं. लाडू वळला की तेही बदलायला झालं.

पोतं आधी काढा, आत्ताच. आपलं नाक वर, पिल्लांचं तुसाला टेकलेलं. कोंडलेल्या अमोनियाने त्यांचे डोळे आणि श्वासनलिका पोळतात. डोळे मिटून बसलेलं पिल्लू पेंगतंय असं धरून चालू नका. खाली वाऱ्याचा झोत नको, पण वर जाळीच हवी.

फिनेल, धूप, कापूर बंद. पक्ष्यांची श्वसनसंस्था अशा वाफा-धुराला फार नाजूक असते. आणि चुना ओल्या तुसावर मारला की अमोनिया उलट जोरात सुटतो. (पोल्ट्री शेडवाले मारतात म्हणाल, पण पिल्लं यायच्या आधी, रिकाम्या शेडला.)

लहान मूल असलेल्या घरात पिल्लं ठेवायला सुचवणं बेजबाबदारपणाचं, हा तुमचा मुद्दा निम्मा मान्य. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांकडूनही साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जिवाणू) येऊ शकतो. खोका स्वयंपाकघरात नको, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लू नको, आणि हात लावला की साबण. पंख फुटू लागले की धूळही उडते, तेव्हा पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत खुराडं तयार ठेवा.

शेवटी, टीव्हीच्या खोक्यात २५ पिल्लं! लहानपणी एकेकाला अर्धा चौरस फूट तरी लागतो, म्हणजे साडेबारा चौरस फूट. तुमचा खोका त्याच्या निम्माच असेल. निम्मी पिल्लं आजच दुसऱ्या खोक्यात हलवा, आणि त्यालाही वेगळा बल्ब लावा.