पहिल्या ब्लॅक सॅबथला ट्युनिंग उतरवलेलंच नव्हतं

फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची बोटं कारखान्यात तुटली, म्हणून त्याने तारा सैल केल्या, म्हणजे ट्युनिंग उतरवलं, त्या सैल तारांनी आवाज जड झाला आणि 1970 च्या पहिल्याच अल्बमवर हेवी मेटल जन्माला आलं.’ अपघात खरा आहे. पुढची साखळी जुळत नाही.

‘बोटं तुटली.’ बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, सतराव्या वर्षी, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. आयोमी डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. तर्जनी आणि करंगळी शाबूत राहिली. पॉवर कॉर्डला, म्हणजे रॉकमध्ये चालणाऱ्या दोन सुरांच्या कॉर्डला, तेवढी पुरतात. उरलेल्या दोघांसाठी त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा हलक्या हव्या होत्या, म्हणून बँजोच्या लावल्या. पहिला उपाय पातळ तार होता, उतरलेला सूर नव्हे.

‘पहिल्याच अल्बमवर.’ इथे दावा सपशेल आडवा होतो. 1970 चे दोन्ही अल्बम साध्या ‘ई’ ट्युनिंगमध्ये आहेत, म्हणजे गिटारची जाड तार नेहमीसारखी ‘ई’ सुरात लावलेली. पहिल्या अल्बमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या शीर्षकगीताची सुरुवात ऐका: जी, वरचा जी, मग सी शार्प. (पाश्चात्त्य संगीतात या अंतराला ‘सैतानी’ म्हणतात. जीला सा धरलात तर तिसरा सूर तीव्र मध्यम, यमन गाणाऱ्याला त्यात सैतान दिसायचा नाही.) तीन सेमीटोन (अर्धे सूर) उतरवलेल्या गिटारवर त्याच जागा दाबल्या तर ई, ई, ए शार्प वाजतं; रेकॉर्डवर तसं नाही.

ट्युनिंग उतरलं ते 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’वर, तेही ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’, ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ आणि ‘इन्टू द व्हॉइड’ या गाण्यांत. जाड तारेपासून: सी शार्प, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प. तीन सेमीटोन उतरले की त्याच तारेवरचा ताण सुमारे 29 टक्क्यांनी घटतो. दुखऱ्या बोटांना हवं होतं ते एवढंच. नक्कल करणाऱ्यांची गंमत पुढे होते: पातळ तार फडफडते, पिक (तार छेडायची चकती) जोरात मारला की सूर क्षणभर चढतो. मग 10 च्या जागी 12 चा, म्हणजे जाड तारांचा सेट लावावा लागतो, नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतात, इन्टोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं, पुन्हा बसवावं लागतं. आणि ताण होता तिथेच येतो.

‘जडपणा सैल तारांचा.’ पहिल्या अल्बमवर तो गिब्सन एसजी गिटार, लेनी अँप (अँप्लिफायर) आणि मंद लयीचा आहे. अँपच्या आधी तर रेंजमास्टर, म्हणजे उंच सूर वाढवणारा ट्रेबल बूस्टर! तो खर्ज छाटून अँपला पुढे ढकलतो, त्यामुळे रिफचा (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीचा) चिखल होत नाही. एसजीसुद्धा ठरवून आलेली नाही: ‘विकेड वर्ल्ड’ गाण्याच्या ध्वनिमुद्रणानंतर स्ट्रॅटचं (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारचं) पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, गेलं, म्हणून राखीव गिटार उचलावी लागली.